महामार्ग सोडा, कृष्णाकाठ धरा : धोम ते माहुली सायकलवरून

रानवाट

खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्यावर आलं की पुण्याकडून येणारे बहुतेक सायकलवाले सरळ साताऱ्याकडे जातात. गुळगुळीत डांबर, रुंद कडेची पट्टी, वेग चांगला पडतो. पण त्या रस्त्यावर डावी-उजवीकडे बघायला फुरसत नसते, आणि मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकून ऐकून डोकं उठतं. फाट्यावरून उजवीकडे वळलं की दहा-बारा किलोमीटरवर वाई आहे. तिथून पुढे कृष्णा आपल्याला जो रस्ता दाखवते त्याबद्दल हा धागा.

धोम धरणाच्या पायथ्यापासून साताऱ्याजवळच्या माहुलीपर्यंत, नदीला जमेल तितकं धरून, मध्ये थोडं आत-बाहेर करत साधारण पन्नास-साठ किलोमीटर होतात. चढ जवळपास नाहीत. नदीबरोबर खाली यायचं असल्यामुळे उतार कायम आपल्या बाजूने असतो, अगदी जाणवेल न जाणवेल इतका. आकडे बघून कुणी म्हणेल की हे तर तीन तासांचं काम. मी सांगेन, दोन दिवस द्या. या खोऱ्यातली गावं रस्त्यासाठी वसलेली नाहीत, नदीसाठी वसलेली आहेत. त्यांचा दर्शनी भाग नदीच्या घाटाकडे आहे. डांबरी रस्ता गावाच्या पाठीमागून जातो, आणि सायकल न थांबवता पुढे गेलात तर तुम्हाला दिसतात फक्त गोठे, टपऱ्या आणि बसथांबे. गाव बघायचं तर प्रत्येक ठिकाणी उतरून नदीपर्यंत जायला लागतं.

सुरुवात धोमला करावी. वाईपासून आठेक किलोमीटर. धरणाची भिंत दिसायला लागते त्याच्या अलीकडे गावात शंकराचं आणि नृसिंहाचं देऊळ आहे. शंकराच्या देवळासमोर कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, कुंडात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलं की नंदी पाण्यावर तरंगतोय असं वाटतं. सकाळी लवकर गेलात तर देवळात तुम्ही आणि पुजारी, एवढेच असता. समोर धरणाच्या फुगवट्यापलीकडे कमळगड, अलीकडे पांडवगड, आणि दोन्हींच्या मध्ये हे शांत खोरं.

तिथून खाली येताना मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा इथला. बाहेरून अगदी साधा, आत चौकामागून चौक. वाड्याच्या मागच्या बाजूने घाटावर उतरता येतं, आणि माझ्या मते संपूर्ण वाटेवर बसावं अशी जागा कुठली, तर ही. घाटावरच्या एका छोट्या देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, चिमाजी अप्पांच्या फौजेने आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक. तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीचं चित्र आणि १७०७ हे साल आहे. जवळ जाऊन बोटाने चाचपून बघा, हाताला लागतं. नानांच्या दफ्तरातली हजारो कागदपत्रं याच वाड्यात सांभाळली गेली, पेशवाईचा बराच इतिहास त्यावर उभा आहे. म्हणजे घाटावर बायका कपडे धूत होत्या तेव्हा दहा-वीस पावलांवर आत मराठी राज्याचा हिशेब ठेवलेला होता.

वाईत शिरल्यावर सायकल ढकलत चालायची तयारी ठेवा, गणपती आळीत गर्दी असते. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. सगळे जण आत जाऊन मूर्ती बघतात आणि परततात. माझी विनंती आहे की देवळाला बाहेरून वळसा घालून नदीच्या प्रवाहाकडची मागची भिंत बघा. ती सरळ नाही, माशासारखी निमुळती बांधली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फाटतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. अडीचशेहून जास्त वर्षं ती भिंत हे काम करते आहे. सायकलवर वारा कापत आलेल्या माणसाला ती भिंत लगेच कळते.

पुढचा भाग (बावधन, भुईंज, लिंब, माहुली) खाली प्रतिसादात लिहितो. कुणी या बाजूला फिरलं असेल तर भर घाला.

---

टिवल्या

छान धागा. सरळ प्रश्न : कुठली सायकल लागेल? माझ्याकडे २५ मिमी टायरची रोड बाईक आहे.

---

रानवाट

@टिवल्या, चालेल, पण हवा जरा कमी ठेवा आणि मुख्य रस्त्याखेरीज घाटाकडे उतरणाऱ्या वाटांवर ढकलत जा. ३२ मिमीच्या पुढचं टायर असलेली हायब्रिड या रस्त्याला सर्वांत बरी. गावात शिरताना आणि बाहेर पडताना गतिरोधक असतातच, आणि त्यांच्यावर पांढरे पट्टे असतीलच असं नाही. बाभळीचे काटे हे खरं दुखणं आहे. शेताच्या कडेला कुंपण तोडून टाकलेलं असतं, त्याचे तुकडे रस्त्यावर येतात. दोन ट्यूब जवळ हव्यातच.

---

वाईचा पोरगा

धागा वाचून बरं वाटलं. आमच्याकडे लोक येतात ते पाचगणी-महाबळेश्वरला जाताना चहाला थांबतात तेवढेच. वाईत सात घाट आहेत. गणपती घाट फक्त त्यांतला एक.

दोन गोष्टी सांगतो. पहिली : माघ महिन्याच्या आसपास आलात तर कृष्णाबाईचा उत्सव चालू असतो. एकेका घाटाचा उत्सव वेगळा, एका घाटाचा संपला की पुढच्या घाटाचा. मांडव, भजन, कीर्तन, महाप्रसाद. पाहुण्यांना पानावर बसवल्याशिवाय सोडत नाहीत, तेव्हा डब्यात काही आणू नका.

दुसरी : रंगपंचमीला बावधनच्या बगाडाची जत्रा असते. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बगाड, म्हणजे उंच लाकडी गाडा, निघतं आणि बैलांच्या जोड्या ते ओढत बावधनला नेतात. त्या दिवशी त्या भागात लाखांत माणूस असतं. बघायला या, पण सायकल घरी ठेवून या.

आणि वाईत थांबलात तर प्राज्ञपाठशाळा आणि विश्वकोशाचं कार्यालय बघायला विसरू नका. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच बसून विश्वकोशाचं काम बघत होते. एवढं मोठं काम मुंबई-पुण्याला न होता आमच्या गावात झालं याचा आम्हाला अभिमान आहे.

---

गेरूमाती

मी थोडं वेगळं मत मांडतो. वाईपर्यंत आल्यावर पसरणी घाट न चढता परत फिरायचं? वाई ते पाचगणी बाराच्या आसपास किलोमीटर, चढ एकसारखा, कुठेही दम काढणारा टप्पा नाही. वरून धोमचं पाणी आणि अख्खं खोरं एका नजरेत दिसतं. ते न बघता खोरं बघितलं असं कसं म्हणायचं? धोम ते माहुली सपाट रस्ता एका सकाळी उरकून दुसऱ्या दिवशी घाट करावा.

---

रानवाट

@गेरूमाती, पसरणी घाट मला आवडतो, पण हा धागा शांत रस्त्यांचा आहे. शनिवार-रविवारी त्या घाटात पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, वळणावर ओव्हरटेक करणारे असतात. जायचंच तर मधल्या वारी, पहाटे. घाटाच्या पायथ्याचं पसरणी गाव मात्र जरूर बघा, शाहीर साबळे तिथले.

वरून खोरं एका नजरेत दिसतं हे खरं. पण एका नजरेत दिसतं म्हणूनच लोक पाच मिनिटांत फोटो काढून निघतात. खालून चाललात तर तेच खोरं तुकड्यातुकड्याने समोर येतं : आधी उसाचा पडदा, मग एकदम उघडं पात्र, मग पिंपळाखालचं देऊळ, पुन्हा ऊस. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं आणि त्यासाठी मी वेग सोडायला तयार असतो. "एका सकाळी उरकून" हा शब्द मी या रस्त्यासाठी वापरणार नाही.

आता पुढचा टप्पा लिहितो.

वाईच्या खाली खोरं रुंद होत जातं. डोंगर दोन्हीकडे मागे सरकतात आणि ऊस-हळदीचा पट्टा लागतो. वाईची हळद नावाजलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढून शिजवायचं काम चालू असतं तेव्हा शेताच्या कडेने जाताना तो वास येतो, किंचित मातकट, किंचित तिखट. बावधन-पाचवड बाजूने गेलात तर वैराटगड बराच वेळ सोबत करतो. भुईंज हे भृगु ऋषींचं गाव मानतात, आज ते साखर कारखान्यासाठी ओळखलं जातं. इथे महामार्गाशी गाठ पडते. पाचवडपासून लिंब फाट्यापर्यंत महामार्ग पूर्ण टाळणं कठीण आहे. सेवा रस्ता जिथे आहे तिथे तो धरा, जिथे नाही तिथे कडेच्या पट्टीतून एकामागे एक चला. हाच या वाटेचा एकमेव नकोसा तुकडा.

लिंबला आत वळलं की पुन्हा शांतता. बारामोटेची विहीर लिंबच्या शेतात आहे. ११० फूट खोल, व्यास सुमारे ५० फूट, आकार अष्टकोनी. बारा मोटा एकाच वेळी चालाव्यात अशी वर व्यवस्था. जिना उतरून आत गेलं की विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे, खांबांवर कोरीवकाम, वर बसायची गच्ची. बाहेर ऊन भाजत असताना आत गारवा असतो. पाणी खाली, महाल मध्ये, मोटा वर, आणि सगळं एकाच बांधकामात. पाणी उपसणं आणि पाण्याशेजारी बसणं या दोन्ही गोष्टींना इतका मान देणारं बांधकाम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

---

मीमांसा_

विहिरीबद्दल एक शंका. मी बऱ्याच ठिकाणी "१६४१ ते १६४६ मध्ये बांधली" असं वाचलं आहे. म्हणजे शिवकाळाच्याही आधी?

---

आजोळ सातारा

@मीमांसा_, ते आकडे शकाचे आहेत. विहिरीवरच्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ आहे, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४. श्रीमंत वीरूबाई भोसले यांनी छत्रपती शाहू महाराजांच्या काळात ती बांधून घेतली. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतं, तेवढं न केल्यामुळे हा घोळ सगळीकडे पसरला आहे.

आणि हे साल लक्षात ठेवून माहुलीला जा, म्हणजे दोन ठिकाणं जोडली जातील. १७१९ मध्येच महाराणी येसूबाई मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याला परत आल्या. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना घेऊन आले. जवळजवळ तीस वर्षांची कैद. त्यांची समाधी माहुलीला आहे. म्हणजे इकडे लिंबला विहिरीचा पाया खणला जात होता त्याच वर्षी शाहू महाराजांची आई घरी पोचली. माझं आजोळ या भागातलं, पण हे दोन धागे मी जोडले ते मोठेपणी.

---

मीमांसा_

आभारी आहे. हे कुणीच नीट सांगत नाही. वाचनखूण साठवली.

---

उन्हाळी

मी आणि माझी बहीण दोघी सायकलवर जाणार आहोत, बरोबर पुरुष कुणी नाही. दोन दिवसांचं म्हणता, तर मुक्काम कुठे? आणि या रस्त्यांवर बायकांना काही त्रास? खरं सांगा, उगाच धीर देऊ नका.

---

आजोळ सातारा

@उन्हाळी ताई, मी स्वतः बाई आहे आणि इथे एकटीने सायकल चालवली आहे, त्यामुळे खरंच सांगते. गावातले लोक बघतात, थांबवून विचारतात, "कुठनं आलाय? एवढ्या लांबनं? सायकलवर?" त्यात कुतूहल असतं. म्हाताऱ्या बायका पाणी देतात, शेंगा देतात, घरात बोलावतात. त्रास म्हणाल तर महामार्गाच्या तुकड्यावर मोटरसायकलवरची पोरं कधी कधी शेजारून चालवत राहतात. तेव्हा पहिल्या ढाब्यावर किंवा दुकानात थांबायचं, ती निघून जातात. उसाच्या मधल्या निर्मनुष्य रस्त्यांवर संध्याकाळी जाऊ नका. चारच्या सुमारास मुक्कामी पोचायचं असा नेम ठेवा.

मुक्काम वाईत करा, सोय भरपूर आहे. पहिल्या दिवशी धोम-मेणवली-वाई एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून माहुली. स्वच्छतागृहाची सोय वाई सोडल्यावर थेट महामार्गावरच्या हॉटेलांत, हे धरून पाणी प्या.

---

उन्हाळी

अशीच माहिती हवी होती. मनापासून धन्यवाद.

---

टिवल्या

कधी जावं? पावसाळ्यात हिरवंगार असेल ना?

---

वाईचा पोरगा

@टिवल्या, पावसाळ्यात हिरवं असतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये धोममधून पाणी सोडलं की घाटांच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि वरच्या शेवाळलेल्या असतात. सायकलचे क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तळाचा तुकडा) असलेले बूट घालून तर घाटावर पाऊलच टाकू नका. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मला सर्वांत आवडतं. पाणी भरलेलं, ऊस उभा, डोंगरावर सोनकीची फुलं.

नोव्हेंबर ते मार्च थंडी छान, पण कारखाने चालू असतात. उसाच्या ट्रॉल्या सांभाळा. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा असेलच याची खात्री नाही. ट्रॅक्टरवाल्याला मोठ्या गाण्यामुळे तुमची घंटी ऐकू जात नाही. पहिली ट्रॉली तुम्हाला ओलांडून गेली की लगेच मध्ये येऊ नका, दुसरी मागे आहे.

---

गेरूमाती

वाऱ्याचंही सांगा कुणीतरी. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून असतो, म्हणजे धोमकडून खाली येताना पाठीवर. उलट दिशेने, माहुलीहून धोमला निघालात तर तोच तोंडावर. म्हणून रानवाट यांनी धरलेली दिशा योग्य आहे. पसरणीबद्दल माझं मत मात्र कायम आहे. :)

---

रानवाट

@गेरूमाती, वाऱ्याचा मुद्दा पटला. पसरणीसाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

@वाईचा पोरगा, ट्रॉल्यांबद्दल लिहिलंत ते फार गरजेचं होतं. त्यात एकच भर : ऊसतोडीच्या टोळ्यांच्या बैलगाड्याही याच रस्त्यावर असतात, पहाटे तीन-चारपासून. मागून जोरात घंटी वाजवत जाऊ नका, बैल बुजतो. गाडीवानाला हाक मारून, उजवीकडून, वेग कमी करून पुढे व्हा. तो रस्ता त्यांच्या रोजच्या पोटापाण्याचा आहे, आपण सुट्टीला आलेलो असतो.

आता शेवटचा टप्पा. लिंबजवळ गोवे गावात नदीकाठी कोटेश्वराचं देऊळ आहे, पात्र तिथे ऐसपैस आहे. तिथून वडूथवरून माहुली. क्षेत्र माहुली आणि संगम माहुली अशी दोन गावं समोरासमोर, मध्ये कृष्णा, आणि महाबळेश्वराहून दुसऱ्या वाटेने आलेली वेण्णा तिला इथे मिळते. कृष्णा वाईवरून वळसा घालून आली, वेण्णा मेढ्यावरून. दोघींचा उगम एकाच पठारावरचा. तुम्ही धोमपासून जिच्यासोबत आलात ती नदी इथे मोठी होते हे डोळ्यांना दिसतं.

संगमावरचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलं. काळ्या दगडाचं, दीपमाळेसकट भक्कम. शाहू महाराजांची आणि महाराणी ताराबाईंची समाधीही इथल्याच काठावर. आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी. वाघाच्या हल्ल्यातून त्याने महाराजांना वाचवलं असं सांगतात. क्षेत्र माहुली हे रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवणारे ते न्यायाधीश.

एक कळकळीचं सांगणं. यातल्या काही समाध्या अगदी साध्या आहेत, एखादा चौथरा, वर झुडपं, कधी पुराच्या गाळात अर्ध्या बुडालेल्या. त्यांना सायकल टेकवून फोटो काढू नका. चौथऱ्यावर बसून डबा खाऊ नका. पाटी नसली तरी विचारा, गावातली कुठलीही वयस्क व्यक्ती दाखवते. आणि खाल्लेल्याची वेष्टनं परत न्या. घाटावर आधीच निर्माल्य आणि प्लॅस्टिक साचतं, त्यात आपली भर नको. स्थानिक तरुण मुलं पावसाळ्यानंतर घाट धुऊन काढताना मी पाहिली आहेत, त्यांचं काम वाढवू नका.

---

वाईचा पोरगा

@रानवाट, घाट धुण्याचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. गाळ काढणं खरंच कष्टाचं असतं, एकेक पायरी मोकळी करायला लागते. कुणाला यायचं असेल तर पावसाळा संपल्यावर या, फावडं आम्ही देऊ.

---

उन्हाळी

आम्ही दोघी येऊ. एकच राहिलं : माहुलीहून पुण्याला परत कसं यायचं? पुन्हा खंबाटकी नको वाटतो.

---

आजोळ सातारा

@उन्हाळी, साताऱ्याचं रेल्वे स्टेशन शहरात नाही, माहुलीच्याच बाजूला आहे. संगमावरून सायकलने सहज पोचाल. सायकल लगेज म्हणून नोंदवून गार्डच्या डब्यात द्यावी लागते. गाडीच्या किमान तासभर आधी पार्सल खिडकीवर जा, पुढची-मागची चाकं आणि हँडल दोरीने बांधा, दिवे-बाटल्या-पंप काढून पिशवीत घ्या, आणि सायकलवर नाव व उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. सगळ्या गाड्या सायकल घेत नाहीत आणि थांबा थोडा वेळच असतो, त्यामुळे आदल्या दिवशी खिडकीवर विचारून ठेवलं तर बरं. ते जमलं नाही तर साताऱ्यातून पुण्याला खासगी गाड्या आहेत, त्यांच्या डिकीत पुढचं चाक काढून सायकल आडवी बसते. चेन वरच्या बाजूला येईल अशी ठेवा.

---

उन्हाळी

कळलं. दसऱ्यानंतरच्या शनिवारी निघतोय. वाईचा पोरगा, फावडी दोन लागतील.

---

वाईचा पोरगा

तयार ठेवतो. गणपती घाटावर सकाळी सातला.